मुरम्याचा रस्ता

माझ्या थोरल्या साडूंशी पाच मिनिटं बोलून ज्याचं डोकं ठिकाणावर राहिलं असा एक जरी मनुष्य भोर तालुका आणि वेल्हे महाल मिळून कोणी मला दाखवला, तर मी भर चौकात त्याच्या पाया पडेन. माणूस वाईट नव्हे. वाईट असते तर फार सोयीचं झालं असतं. वाईट माणसाशी बोलणं टाकता येतं, त्याच्याकडच्या लग्नकार्याला जायचं टाळता येतं. साडूंच्या बाबतीत तीही सोय नाही. त्यांच्याशी भांडायचं ठरवून जावं, तर ते आधी तुमच्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "मास्तर, तुमची उजवी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजलीय. तुमच्या शाळंपुढचा रस्ता एकीकडं उतरता हाय." भांडण तिथंच संपतं, कारण पुढचा अर्धा तास आपण आपलीच चप्पल उलटीपालटी करून बघत बसतो.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बांधकाम खात्यात रोड कारकून. नसरापुरापासून वेल्ह्यापर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे. खड्डे बुजवून घेणं, गटारं काढून घेणं, रस्त्यावर काम करणाऱ्या मैलकुल्यांना हाकारत उन्हातान्हात हिंडणं, असं त्यांचं काम. खात्याची समजूत अशी की रस्ता खात्याचा आहे. साडूंनी ती समजूत खोडून काढली नाही इतकंच. एरवी ते त्या रस्त्याबद्दल असं बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, वडिलोपार्जित जमिनीबद्दल चाललंय. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेले, सासूबाई जावयाला ओवाळायला तबक घेऊन आल्या, तर हे पाटावरून उठले. "ह्या अंगणाचं पाणी घरात येतंय. आधी उतार काढू," म्हणाले, आणि नव्या कोऱ्या धोतराचा काचा मारून कुदळ मागितली. सासरे मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत, "थोरले जावई दिवाळीला आले आणि अंगण खणून गेले." त्या अंगणाचं पाणी मात्र पुन्हा कधी घरात आलं नाही, हे सासूबाई सांगत, पण सासरे बाहेर गेले म्हणजे. एसटीत बसले तर ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसणार, आणि वाटेत दगड दिसला की गाडी थांबवून, खाली उतरून, तो उचलून कडेला ठेवणार. त्या मार्गावरच्या कंडक्टरांनी हात टेकले होते. नवा कंडक्टर आला तर जुना त्याला आधी घाट कुठं, फाटा कुठं हे न सांगता साडू दाखवून ठेवी.

हे सगळं मी सोसलं असतं. नात्यात असं एखादं माणूस असतंच. पण मग मुरम्या आला.

माझ्या धाकट्या मुलाचं बारसं होतं. भोरच्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्का, म्हणजे माझी ही मेहुणी, आदल्या दिवशीच येऊन पाळणा सजवून बसली होती. बाळासाठी तिनं जुन्या मऊ लुगड्यांचं दुपटं शिवलं होतं, आणि ते नेमकं वेल्ह्याला विसरलं म्हणून साडू येताना घेऊन येणार होते. बायका खोळंबलेल्या, सगळ्यांचे डोळे दाराकडे. साडू आले. दुपटंही आलं. दुपट्यात कुत्रं होतं.

कापूरहोळच्या फाट्यावर ते भोरच्या गाडीची वाट बघत उभे होते. तिथं ट्रकनं उडवलेलं एक तांबडं कुत्रं ढाब्यामागच्या चरात पडलं होतं, आणि ते जिवंत आहे की मेलंय हे काही मंडळी खडे मारून बघत होती. साडूंनी त्या मंडळींना काय ऐकवलं ते बारशाच्या घरात सांगण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी ते सांगितलं. बायका "अगं बाई" म्हणत भिंतीला चिकटल्या. अक्काचं लक्ष कुत्र्याकडे नव्हतंच, दुपट्याकडे होतं.

"अहो, ते बाळाचं हाय!"

"बाळाला काय झालंय?" साडू म्हणाले. "चांगलं धडधाकट हाय. त्याला दुसरं शीव."

सगळ्या घरात वारा न लागणारी जागा पाळण्याखाली एवढी एकच आहे, असं त्यांनी ठरवलं आणि कुत्रं तिथं ठेवलं. माझी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगायला वाकली, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, तेवढ्यात पाळण्याखालून असं काही कण्हणं निघालं, की बहीण नाव विसरली ती विसरलीच. ती आठवत उभी असताना साडू जमिनीवर बसून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "रंग बघा मास्तर, आमच्या विंझरकडच्या खाणीतला मुरूम तंतोतंत. मुरम्याच म्हणू ह्याला." अशा रीतीनं माझ्या मुलाच्या बारशात पहिलं नाव कुत्र्याचं ठेवलं गेलं. बायकोनं त्यावर आठ दिवस अबोला धरला, तोही साडूंशी नाही, माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात त्यांच्याबरोबर मलाच जावं लागलं. बैल, म्हशी आणि एक रेडकू यांच्या मागं रांगेत आम्ही दुपटं घेऊन उभे. डॉक्टर तरुण होते आणि आडपडदा न ठेवता बोलणारे होते. त्यांनी पाय हलवून पाहिला, मुरम्यानं आभाळ फाटल्यासारखी किंकाळी फोडली, आणि डॉक्टर म्हणाले, "मागच्या पायाचा खुबा निखळलाय, आता तो जागेवर बसायचा नाही. जगेल, पण जन्मभर दुखत राहील. थंडीपावसात जास्तच. खरं सांगू का, असं जनावर ठेवू नये. इंजेक्शन देऊन मोकळं करतो."

साडूंनी विचारलं, "डाक्टर, तुमच्या वडलांचे गुडघे दुखतात का?"

"दुखतात की."

"मग?"

मी छताकडे बघू लागलो. शेवटी डॉक्टरांनी पुड्या बांधून दिल्या, महिन्यातून एकदा आणा, सुई देत जाईन म्हणाले, आणि निघताना दोन गोष्टी सांगितल्या. त्या त्यांनी सांगायला नको होत्या. ते म्हणाले, "शेक देत जा. आणि धक्का बसू देऊ नका."

दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर त्यानं घरी जाऊन तापल्या विटेचा शेक दिला असता, आणि कुत्र्याला मऊ पोत्यावर निजवलं असतं. इथं सांगितलं होतं एका रोड कारकुनाला, ज्याच्या हाताखाली डांबराची पिंपं होती, रोलर होता, आणि अख्खा रस्ता होता.

दर महिन्याला साडू मुरम्याला मांडीवर घेऊन वेल्ह्याहून एसटीनं भोरला येऊ लागले. हातात चुन्याची पुरचुंडी. गाडी खड्ड्यात आदळली आणि मुरम्या कण्हला, की साडू खिडकीतून चिमूटभर चुना बाहेर टाकत. वारा उलटा असला की तो चुना मागच्या बाकांवरच्या लोकांच्या तोंडावर येई. नसरापुराला उतरणारी माणसं पीठगिरणीतून आल्यासारखी दिसत. दुसऱ्या दिवशी मैलकुल्यांची टोळी पांढरे ठिपके शोधत निघे आणि जिथं ठिपका तिथं मुरूम टाकून धुमसानं चोपून काढी. एक मैलकुली मला म्हणाला होता, "मास्तर, आदी आमी कारकूनसायबाचं ऐकत हुतो. आता कारकूनसायेब कुत्र्याचं ऐकत्यात. आमाला काय, धनी बदलला एवडंच." वर्ष सरलं नाही तोच भरलेली घागर डोक्यावर घेऊन गाडीत बसलं तरी पाणी हिंदकळू नये असा रस्ता झाला, आणि बातमी खोऱ्यात पसरली, की कुत्रं जिथं कण्हतं तिथं मुरूम पडतो.

मग काय विचारता. आपल्या शेतापुढचा खड्डा कायम राहिलेली एक म्हातारी मुद्दाम साडूंशेजारी येऊन बसली आणि शेत आलं तसा तिनं मुरम्याच्या शेपटीवर पाय दिला. मुरम्या केकाटला. साडूंनी पुरचुंडी सोडलीसुद्धा नाही. "आजी, पाय काढा," ते म्हणाले, "हे खुब्याचं वरडणं न्हाई, हे शेपटीचं हाय." त्यांना त्या कुत्र्याच्या कण्हण्याचे सगळे प्रकार कळत. ढग भरून आल्यावरचं वेगळं, भुकेचं वेगळं, निजेतून कूस बदलतानाचं वेगळं. माझी बायको तापानं फणफणलेली त्यांच्यासमोर बसली होती तेव्हा "आज चहात साखर जास्त पडलीय" यापलीकडे त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं, हे मी इथं नोंदवून ठेवतो. आणखी एक जण, लांबच्या वाडीचे कारभारी, पागोटं काढून हातात घेऊन माझ्या देखत त्यांच्याकडे आले. "कारकूनसायेब, कुत्र्याला येकदा आमच्या वाडीकडनं न्या की. पावसाळ्यात गाडीबैल जात न्हाई हो." साडू म्हणाले, "ती वाट माझ्याकडं न्हाई, पाटील." कारभारी थोडा विचार करून म्हणाले, "बरं, मग नुसतं जेवाय तरी पाठवा." यावर मी हसलो, आणि दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेच्या वह्या काढून तपासायला बसलो.

सुईच्या दिवसांत मुक्काम अर्थातच माझ्या घरी. भोरला आमच्याखेरीज त्यांचं कोणी नव्हतं, आणि हे मला त्या काळात भोर शहराचं मोठंच वैगुण्य वाटे. साडू येताना निरगुडीचा पाला पोतंभर आणत. तो आमच्या चुलीवर, आमच्या तव्यावर, एरंडेलात परतला जाई, फडक्यात बांधून मुरम्याच्या खुब्यावर ठेवला जाई, आणि मग तोच तवा "जरा घासून घ्या" म्हणून बायकोपुढे येई. आमच्या भाकरीला तीन दिवस निरगुडीचा वास यायचा. मला एक काम नेमून दिलेलं होतं: पुडी चाटवताना जबडा धरायचा. एकदा मी पायाशी बसलेला असताना, त्याला जरा सरकवावं म्हणून सहज हात लावला, तर मुरम्यानं माझं मनगट धरलं. रक्त आलं. मी ओरडलो. साडू धावत आले, त्यांनी मुरम्याला लागलंय का ते बघितलं, आणि मग मला म्हणाले, "हात कुठनं आणलात?"

"हात कुठून आणणार? खांद्याला असतो तिथूनच!"

"मागनं आणलात. दुखऱ्याला मागनं हात लावू न्हाई मास्तर. आदी समोर जायाचं, दिसायचं, मग हात लावायचा. तुमी शाळंत शिकवता ना?"

मला पोटात सुया घ्याव्या लागल्या त्या वेगळ्याच. त्या सगळ्या दिवसांत साडू मला दवाखान्यात सोबत करायला आले, पण वाटेत बोलायचे ते मुरम्याला माझ्यामुळे कसा धसका बसला, त्याबद्दल.

लोकांनीही कमी सल्ले दिले नाहीत. त्या भागात लंगड्या बैलाला तापल्या सळईचा डाग देण्याची चाल आहे. वेल्ह्याचा एक डाग देणारा मोठ्या हौसेनं सळई घेऊन आला. साडूंनी त्याला बसायला घोंगडं दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, "तुमच्या कंबरंत उसण भरती म्हणत हुता ना? आदी तुमाला देऊ. बरं वाटलं तर मग ह्याला." तो मनुष्य पुन्हा त्या आळीला फिरकला नाही. अक्का मात्र मला एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, "माज्या गुडघ्याला ह्यांनी कदी तेलाचं बोट लावलं न्हाई. कुत्र्यासाठी पहाटं उठून पाला शेकत बसत्यात." मी मनापासून मान हलवली. आता ही आपल्या बाजूची झाली, असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेरून मुरम्या कण्हला, आणि अक्का हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून पळाली. भाकरी करपली. ती मला वाढली.

पण या सगळ्यावर कळस झाला तो माघातला. अक्कानं सत्यनारायणाला बोलावलं होतं म्हणून मी आणि बायको नसरापूरहून वेल्ह्याच्या गाडीत बसलो. थंडी हाडात शिरणारी. अर्धी गाडी एका वऱ्हाडानं भरलेली. नवरदेव मुंडावळ्या बांधून पुढं, मागं करवल्या, म्हाताऱ्या, भटजी. गाडी विंझरच्या अलीकडे आली आणि करकचून थांबली. रस्त्यात लाल निशाण. निशाणाच्या काठीशी साडू.

पुढं नव्यानं डांबर टाकून, वर बारीक खडी पसरून, रोलर फिरवलेला काळा कुळकुळीत पट्टा होता. अजून त्यातून वाफ निघत होती. त्या पट्ट्याच्या मधोमध मुरम्या कुशीवर, चारी पाय ताणून, डोळे मिटून पसरला होता. रोलरवाला रोलर बंद करून विडी ओढत बसला होता. निजवण्याआधी साडू स्वतः आपला गाल टेकवून रस्ता सोसवेल इतका निवलाय का ते बघतात, ही माहिती मला मागाहून त्यानंच पुरवली, मी विचारली नसताना.

कंडक्टर हात जोडून म्हणाला, "कारकूनसायेब, लग्नाची गाडी हाय. म्हूर्त टळंल."

"एक कूस झालीय," साडू म्हणाले. "दुसरी राहिलीय. अर्धा शेक लई वंगाळ."

मी टोपी डोळ्यांवर ओढून बाकावर खाली खाली सरकत होतो. हा कोण मनुष्य आहे, आपल्याला काय ठाऊक! तेवढ्यात माझ्या बायकोनं खिडकीतून डोकं काढून "अहो दाजी!" अशी हाक मारली, आणि सगळं वऱ्हाड मान वळवून आमच्याकडे बघू लागलं. वरबाप तर उठून उभाच राहिला. मग नवरदेवाची आजी काठी टेकत खाली उतरली. ती आता साडूंना काठी हाणणार असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. म्हातारी मुरम्यापाशी गेली. वाकून तिनं रस्त्याला तळहात लावला. काठी बाजूला ठेवली आणि मुरम्याशेजारी पाय लांब करून बसली.

"आगं बया बया, लई ग्वाड वाटतंय गं! सारजे, ये हितं! गुडगं टेकीव, गुडगं!"

सारजा उतरली. तिच्या मागनं आणखी दोघी. बघता बघता वऱ्हाडातल्या सगळ्या म्हाताऱ्या लुगडी सावरून त्या काळ्या पट्ट्यावर रांगेनं बसल्या, आणि "कंबर टेकून बघा गं" असं एकमेकींना सांगू लागल्या. वरबाप आईला उठवायला गेला तर तिनं त्याला, तू जन्माला येताना माझी कंबर गेली ती आज जागेवर येतीय, असं सुनावलं. भटजी गाडीच्या पायरीवर उभे राहून पंचांग बघत होते. बघता बघता तेही पाठ धरून उतरले, आणि दुपारचा मुहूर्त या मुहूर्ताहून कितीतरी उत्तम आहे असं त्यांनी बसल्या जागेवरून जाहीर केलं. साडूंनी या कशाकडे लक्ष दिलं नाही. ते वाकून मुरम्याची दुसरी कूस बदलत होते, समोर जाऊन, आधी त्याला दिसून, मग हात लावून. सत्यनारायणाची कथा आम्हाला मिळाली नाही. तीर्थही संपलं होतं. त्या लग्नात पंगतीत बसलेल्या प्रत्येक म्हातारीच्या लुगड्याला मागून डांबर लागलेलं होतं, असं मागाहून कळलं, आणि त्याबद्दलही मलाच ऐकून घ्यावं लागलं, कारण नवरी आमच्या शाळेच्या शिपायाची भाची निघाली.

अशी तीन-चार वर्षं गेली. प्रत्येक पावसाळ्यात मुरम्या खंगे, प्रत्येक उन्हाळ्यात थोडा भरे, आणि प्रत्येक सुईच्या वेळी डॉक्टर साडूंकडे नुसते बघत. मोकळं करतो, हे शब्द त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. ते मी उचलले होते. "अहो, त्याचे हाल, अक्काचे हाल, आमचे हाल. ऐका डॉक्टरांचं," असं मी दर खेपेला सांगे, आणि दर खेपेला साडू म्हणत, "आज खाल्लंय त्यानं. परवा मांजरावर भुंकला. ज्याला अजून मांजराचा राग येतोय, त्याला मी कसा मारू?"

गेल्या पौषात ते आले तेव्हा मी स्टँडवर न्यायला गेलो होतो. निरगुडीचं पोतं उचलायला कोणीतरी लागायचंच. त्या दिवशी पोतं नव्हतं. चुन्याची पुरचुंडी होती, पण तिची गाठ सुटलेली नव्हती. मुरम्या मांडीवर होता तसाच, दुपट्यासकट, त्यांनी छातीशी धरून खाली आणला.

"मास्तर, वेल्ह्यापासनं एकदा बी कण्हला न्हाई."

"मग चांगलंच की!" मी म्हणालो. "रस्त्यावर एवढी मेहनत घेतलीत, तिचं चीज झालं."

साडू चालता चालता थांबले. "नसरापुरापासनं हिकडचा रस्ता माझा न्हाई, मास्तर. दुसऱ्या कारकुनाचा हाय. गाडी अशी आदळत आली की माझं दात वाजलं. ह्यानं कान बी हलवला न्हाई."

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मुरम्याच्या पोटावर हात ठेवला, हिरड्या पाहिल्या, आणि डोळ्यांपुढं बोट फिरवलं. साडूच म्हणाले, "डाक्टर, पयल्या दिवशी तुमी म्हणाला हुता ते आज करा."

"अहो, थांबा की!" असं त्यावर कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि ते मीच होतो. "पौष आहे. संक्रांत होऊ द्या, ऊन वाढेल. तोवर आमच्याकडे ठेवा त्याला. पाला मी आणतो. मी देतो शेक!" ही वाक्यं माझ्या तोंडून कशी आली मला माहीत नाही. ज्या मनगटाला त्याचे दात लागले होते त्याच हातानं मी दुपट्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

साडू माझ्यावर रागावले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला समजावून सांगितल्यासारखं बोलले. "मास्तर, थंडी सरायची वाट आपण बघायची आणि कळा त्यानं काढायच्या, हे बरं न्हवं. इतके दिस त्याला जगायचं हुतं म्हणून म्या ठिवला. आता मला पायजे म्हणून कसा ठिवू?"

मी टोक सोडलं. डॉक्टरांनी औषध भरलं. साडू मुरम्याच्या समोर जाऊन खाली बसले, त्याला दिसतील असे, आणि मग त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. डॉक्टर वाकले तसं त्यांनी विचारलं, "सुई टोचताना दुखंल का हो त्याला?"

"मुंगी चावल्यासारखं. तेवढंच."

साडू थोडा वेळ त्याच्या कानामागं बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तेवढं बी नको हुतं."

मी बाहेर येऊन बैलांच्या रांगेत उभा राहिलो आणि रडलो. एका शेतकऱ्यानं बैल गेला का म्हणून विचारलं, त्याला मी हो म्हणालो. दवाखान्याच्या मागं करंजाखाली आम्ही दोघांनी खड्डा केला. कुदळ साडूंनी मला धरू दिली नाही, मी हातांनी माती उपसली.

परवा साडू काही कामानं भोरला आले होते. घरी आले, पाय धुतले, दाखवलेल्या पाटावर बसले. वाढलं तेवढं जेवले. मुलांची चौकशी केली, बायकोला "भाजी चांगली झालीय" म्हणाले, आणि गाडीच्या आधी दहा मिनिटं उठून, कोणाला काही त्रास न देता स्टँडवर गेले. त्यांची पाठ वळल्यावर बायको म्हणाली, "दाजी किती शहाण्यासारखे वागायला लागले, नाही?"

मला ते मुळीच आवडलं नाही.